आभाळातली मोहरी

बशांचा ट्रे घेऊन मी बैठकीत आले आणि उंबऱ्याच्या आत दोन पावलांवर थबकले. पाहुण्यांच्या डोक्यावरून, समोरच्या खिडकीतून, आभाळात काहीतरी लकाकत होतं.

ऊन कललं होतं, पण दिवस मावळायला अवकाश होता. त्या वेळी तारा दिसत नाही. विमान म्हणावं तर ते हलत नव्हतं आणि आवाजही नव्हता. पांढरंशुभ्र, टपोरं असं काहीतरी निळ्या आभाळात नुसतं बसून होतं.

"ये बाई, ये. लाजू नको," खुर्चीतले त्र्यंबकमामा म्हणाले. हे मुलाचे मामा. घरातला शब्द त्यांचा.

मी लाजत नव्हते. मी बघत होते.

मुलगा मामांच्या शेजारी कॉटवर बसला होता. विश्वंभर सास्तुरकर, जनावरांच्या दवाखान्यात नोकरीला. तो आपल्या गुडघ्यांकडे बघत होता. बाबा वेताच्या मोड्यावर बसले होते आणि मधे लग्न जुळवणारे गृहस्थ. बशांमध्ये आईनं केलेली चुरमुऱ्यांची सुशीला होती, वरून खोबरं-कोथिंबीर पेरलेली. ती कुणाच्याच हातात पोचत नव्हती.

"नाव काय?"

"कुमुदिनी अंबादास माकणीकर," मी खिडकीकडे बघत म्हटलं.

"स्वयंपाक येतो का?"

"फुटलं!" मी ओरडले.

आई स्वयंपाकघरातून धावत आली. तिला वाटलं, पाहुण्यांसाठी काढलेले काचेचे ग्लास गेले.

"काय फुटलं?"

"ते बघा ना, आभाळात! पांढरं होतं ते फुटलं. तुकडे चमकतायत. आणि काहीतरी सरळ खाली चाललंय!"

सगळ्यांनी माना वळवल्या. पण बसलेल्या माणसाला त्या खिडकीतून पडवीचा पत्रा तेवढा दिसायचा. ते उठले, चपला शोधल्या, अंगणात आले, तोवर ते खाली जाणारं लिंबाच्या झाडाआड गेलं होतं. आभाळ स्वच्छ होतं. लिंबावर एक कावळा बसला होता. मामांनी त्या कावळ्याकडे बघितलं, मग माझ्याकडे.

"पोरीला दिवसा चांदण्या दिसायल्यात," ते म्हणाले. "मी विचारतो स्वयंपाक येतो का, तर ही म्हणती, फुटलं!"

सुशीला तशीच राहिली. मामांची जीप मुरंबीच्या रस्त्याला लागली. मुलगा मागच्या बाजूला बसला होता. निघताना त्यानं मान वर करून आभाळाकडे पाहिलं, एवढं मला दिसलं.

दुसऱ्या दिवशी निरोप आला. मुलगी देखणी आहे, पण ध्यान ठिकाणावर नाही.

आमचं कासारखेडं सोलापूरच्या पुढं, बालाघाटाच्या उतारावरचं. बाजारपेठ, हायस्कूल, एसटी स्टँड, सगळं असलेलं गाव. तिथं अशी गोष्ट दडून राहत नाही. "हातात बशा होत्या म्हणे. त्यातलीच एक उडाली असेल!" असं पिठाच्या गिरणीवर पहिल्यांदा कुणीतरी म्हटलं आणि मग सगळ्या गावानं म्हटलं. मी बी. ए. झालेली, हायस्कूलच्या स्नेहसंमेलनात तीन वर्षं बक्षिसं घेतलेली मुलगी, चार दिवसांत 'उडत्या बशीवाली' झाले. अक्कलकोटकडचं एक स्थळ येणार होतं, तेही आलं नाही.

माझे बाबा एसटीचे कंट्रोलर. स्टँडवर त्यांचा आवाज असा लागायचा, की समोरच्या हॉटेलातला माणूस कप खाली ठेवून पिशवी उचलायचा. घरी मात्र ते फारसं बोलत नसत. पाहुणे गेले त्या दिवशी जेवताना त्यांनी एवढंच विचारलं, "काय बघितलंस, ते नीट सांग."

मी सांगितलं. त्यांनी ऐकलं, ताटात पाणी घेतलं आणि म्हणाले, "बरं."

सकाळी खाकी गणवेश घालून ते स्टँडवर जायच्या आधी पोलीस चौकीत गेले.

"कंट्रोलरसाहेब, यात गुन्हा काय घडला?" हवालदारानं विचारलं.

"गुन्हा नाही. नोंद करून घ्या. माझी पोरगी खोटं बोलत नाही."

ती बातमी जिल्ह्याच्या पेपरात तीन ओळींत छापून आली आणि उरलंसुरलं गाव हसायला मोकळं झालं. आई दोन दिवस बाबांशी बोलली नाही. "झाकायचं सोडून वेशीला टांगलं," एवढंच ती भांड्यांना सांगायची.

मला स्वतःला काय वाटत होतं? पहिले काही दिवस राग होता. मग हळूहळू शंका यायला लागली. मी अंगणात उभी राहून त्या दिशेला बघायचे आणि मनात म्हणायचे, खरंच होतं ना ग काही? माणूस एकटा पडला की स्वतःच्या डोळ्यांवरचाही विश्वास उडतो, हे मला त्या चैत्रात समजलं.

आणि एका सकाळी आमच्या दारात हवाईदलाची जीप येऊन उभी राहिली.

आतून निळ्या गणवेशातले उंच, सावळे अधिकारी उतरले. निम्मी गल्ली त्यांच्या मागे होती. त्यांनी पडवीत बूट काढले, टोपी काखेत धरली आणि आईला नमस्कार केला. आईचा राग तिथंच निम्मा उतरला.

"मी स्क्वाड्रन लीडर हुद्दार. बेळगावचा आहे मी. मुलीनं जे बघितलंय, ते पेपरात वाचलं. त्याच्याच चौकशीला आलोय. बोलवा की तिला."

मी समोर आले. लष्कराची चौकशी म्हणजे काय, हे आम्ही सिनेमात पाहिलेलं.

"बसा," ते म्हणाले. "घाई नाही. तुम्हाला काय वाटलं, ते नको. काय दिसलं, तेवढं सांगा."

मी सांगायला लागले आणि माझ्या लक्षात आलं, की हा माणूस मधे हसत नाहीये. मधे बोलतही नाहीये. मी थांबले की नुसती मान हलवतो, म्हणजे पुढे सांगा. त्या दिवसापर्यंत कुणी माझं इतकं ऐकलं नव्हतं. निम्म्यावर आले तेव्हा माझा आवाज सरळ झाला होता.

"आता असं करू," ते म्हणाले. "त्या दिवशी जसं झालं, तसंच सगळं पुन्हा करायचं. ट्रेसुद्धा घ्या हातात. पाहुणे कुठं बसले होते?"

पाहुणे कुठून आणायचे? तर शेजारच्या इंदरमावशी आपणहून मामांच्या खुर्चीत जाऊन बसल्या. एक पाय वर घेतला, नसलेल्या मिशीला पीळ दिला आणि घोगऱ्या आवाजात म्हणाल्या, "काय गं पोरी, स्वयंपाक येतो का?"

दारातल्या सगळ्या गर्दीत हशा पिकला. हुद्दारसाहेबही हसले. मीही हसले, त्या प्रसंगावर पहिल्यांदाच.

मग ते माझ्या खांद्यामागे उभे राहिले, खिडकीतून मी दाखवलेल्या जागेकडे होकायंत्र धरलं, उंची मोजली. "केवढं दिसत होतं?"

"मोठं होतं. म्हणजे तसं बारीकच..."

"हात लांब करायचा. बोटात धरलेला कुठला दाणा त्याच्याएवढा वाटेल?"

आई पटकन आत गेली आणि मसाल्याचा डबा घेऊन आली, वर मूठभर ज्वारी. मी एकेक दाणा चिमटीत धरून, हात ताठ करून, एक डोळा मिटून आभाळाकडे बघायला लागले. ज्वारी मोठी होती. धनाही मोठाच.

"मोहरी," मी म्हटलं. "पण बारीक नाही. ही टपोरी."

"बघा, हिला डाळीत बारीक-मोठी कळत नाही आणि आभाळात कळती," आई म्हणाली. पण म्हणताना तिचा चेहरा फुलला होता.

साहेबांनी मांडीवर नकाशा पसरला आणि आमच्या घरापासून आग्नेयेला एक रेघ ओढली. ती नकाशाच्या कडेपर्यंत गेली. ते बराच वेळ तिच्याकडे बघत राहिले.

"काम नीट झालं की नाही?" बाबांनी विचारलं.

"झालं. पण एका रेघेवर शोधायचं कुठं? ती अशीच पार समुद्रापर्यंत जाईल. मला दुसऱ्या जागेवरून दुसरी रेघ पाहिजे. दुसऱ्या कुणी काही बघितलंय का?"

मग बाबा सावकाश म्हणाले, "ते पाहुणे त्याच वेळी मुरंबीच्या रस्त्यानं निघाले होते. बघितलं असेल तर त्यांनीच."

"त्यांच्या दारात पुन्हा जायचं?" आई म्हणाली.

"तुम्ही कशाला? मी जातो की," हुद्दारसाहेब उठले.

"मी येते," मी म्हटलं.

मुलीनं मुलाच्या घरी जायचं, तेही नकार आल्यावर, तेही लष्कराच्या जीपमधून. आईनं बाबांकडे पाहिलं. बाबांनी टोपी डोक्यावर घातली आणि आयुष्यात पहिल्यांदा घरामध्ये स्टँडवरचा आवाज लावला.

"चला, मुरंबीऽऽ! मुरंबीऽऽ!"

जीप दारात थांबली तेव्हा त्र्यंबकमामा ओसरीवर अडकित्त्यानं सुपारी कातरत होते. गणवेश बघून अडकित्ता हातातच राहिला. "साहेब, आमच्या जीपचे कागद सगळे आहेत," ते न विचारता म्हणाले. मग त्यांना मागच्या बाजूनं उतरणारे बाबा दिसले, आणि मग मी.

खुर्च्या मांडल्या गेल्या. मला खुर्ची मिळाली. घरातल्या बायकांनी आतून डोकावून पाहिलं, पण बाहेर यायला कुणी धजेना. शेवटी पाण्याच्या ग्लासांचा ट्रे घेऊन विश्वंभरच बाहेर आला. कुणाच्या तरी म्हशीचं बघून तो नुकताच परतला होता. बाह्या दुमडलेल्या, कोपरापर्यंत हात ओले. मला पाहिलं आणि तो दारातच थबकला. ग्लास किणकिणले.

"ये की, लाजू नको," हुद्दारसाहेब म्हणाले.

त्यांना माझ्या त्या दिवसाची गोष्ट ठाऊक होती, तरी चेहऱ्यावर रेषा हलली नाही. मग ते माझ्याकडे वळले. "विचारा तुम्ही. काय विचारायचं, ते तुम्हाला आता माहीत आहे."

मी पदर सावरला. "त्या दिवशी परत येताना तुम्हाला काही दिसलं? वाटलं ते नको. दिसलं ते सांगा."

"दिसलं," तो म्हणाला.

"काय दिसलं? मला नाही काही दिसलं!" मामा उसळले.

"मामा, तुम्ही झोपला होता." तो माझ्याकडेच बघून बोलत होता. "चांभारओढ्याच्या पुलाजवळ आमचं चाक बसलं. ड्रायव्हर चाक बदलत होता. मी उतरून आभाळाकडे बघत होतो, तुम्ही म्हणाला होता म्हणून. दिवस अगदी टेकला होता. तेव्हा केशरी रंगाचं, छत्रीसारखं काहीतरी हळूहळू डोलत खाली आलं आणि टेकडीमागे गेलं."

"हात लांब केला तर केवढं?"

तो विचारात पडला. "बोर. छोटं, रानातलं."

मी एकटी नव्हते. चौकशी तिथंच संपायला हवी होती, पण मला राहवलं नाही.

"मग सांगितलं का नाहीत?"

"सांगितलं की. मामांना तिथंच उठवून सांगितलं. घरी येऊन आईला सांगितलं. सगळे म्हणाले, मुलगी आवडली म्हणून तिच्या बाजूनं बोलतोस."

बोलून झाल्यावर आपण काय बोललो ते त्याला कळलं. त्याचे कान लालबुंद झाले. आत कुणीतरी खुदकन हसलं. हुद्दारसाहेब खाकरले. "हे आपण चौकशीत धरायचं नाही."

"तुमच्या स्टँडवरही आलो होतो मी, परवा," तो आता बाबांना म्हणाला. "पण तुम्ही गाड्या पुकारत होता. बोलायचं धाडस झालं नाही."

"तो तू होय?" बाबांनी कपाळावर हात मारला. "मी म्हणतोय, हा पोरगा कुठल्याच गाडीत का चढत नाही!"

आम्ही सगळे चांभारओढ्याच्या पुलावर गेलो. मामाही आले, आता मागं राहणं त्यांना सोसणारं नव्हतं. विश्वंभर त्या दिवशी जिथं उभा होता तिथं उभा राहिला, हात लांब केला. साहेबांनी दुसरी रेघ ओढली. दोन्ही रेघा नकाशावर एका जागी एकमेकींना छेदून गेल्या. साहेबांनी तिथं बोट ठेवलं.

"इथं काय आहे? वाऱ्यानं थोडं इकडंतिकडं झालं असेल."

विश्वंभरनं वाकून पाहिलं. "हटकरवाडीचा माळ. चैत्रात तिथं भागुबाईंची मेंढरं बसलेली असतात. लस टोचायला जातो मी."

माळावर रस्ता नव्हता. जीप दगडांवरून उड्या मारत चालली, मामा दोन्ही हातांनी दांडी धरून देवाचं नाव घेत होते आणि का कुणास ठाऊक, मला सारखं हसू येत होतं. एक चढ चढून आम्ही वर आलो आणि विश्वंभर ओरडला, "ते बघा!"

दोन बाभळींच्या मधे, उन्हात झळझळत, केशरी कापडाचा भलामोठा मांडव ताणलेला होता. त्याच्या सावलीत नुकती जन्मलेली दहा-पंधरा कोकरं एकमेकांवर पडून झोपली होती. मांडवाच्या बाजूला एक चंदेरी पेटी होती, लोखंडी कपाटाएवढी. एका कोपऱ्यात चेपलेली. तिला हळदकुंकू लावलेलं होतं आणि समोर नारळ फोडलेला होता.

भागुबाई काठी टेकत पुढे आल्या. "काय वं डाक्टर, ही कोण मानसं?"

"मावशी, ही पेटी कुठून आली?"

"आबाळातनं. सांच्याला उतारली, अल्लाद. म्या म्हनलं, देवानं धाडलंय, तर पाया पडावं."

हुद्दारसाहेब पेटीपाशी गुडघ्यांवर बसले. एका बाजूची धूळ पुसून पत्र्याच्या पाटीवरची अक्षरं वाचली. मग त्यांनी टोपी काढली, लांब श्वास सोडला आणि एकटेच हसायला लागले.

"साहेब, शत्रूचं आहे?" मामांनी लांबूनच विचारलं.

"आपलंच आहे. हैदराबादकडच्या आपल्या शास्त्रज्ञांचं. तारे बघायला त्यांनी यंत्र वर पाठवलं होतं, एका प्रचंड फुग्याला बांधून. देवळाच्या शिखरापेक्षा उंच असतो तो फुगा. वाटेत त्याचा रेडिओ बंद पडला. ते बिचारे पार कर्नाटकात शोधत होते. आमच्या एका वैमानिकालाही त्या दिवशी लांबून काहीतरी चमकताना दिसलं होतं. पण हेच ते, की दुसरंच कुणाचं काही, ते बघितल्याशिवाय कसं म्हणणार?"

"मग सकाळीच का नाही सांगितलंत?" मी विचारलं. "मी इतकी घाबरले होते."

"सांगितलं असतं, तर तुम्ही मला फुगाच दाखवला असता. मला तुम्ही बघितलेलं पाहिजे होतं."

मी तिथंच मातीत बसले. रडायला येत होतं आणि हसायलाही. बाबा जवळ आले आणि त्यांनी माझ्या डोक्यावर हात ठेवला. मामा पेटीभोवती एक फेरी मारून आले, घसा साफ केला. "मी आपलं त्या दिवशी बसलो होतो. उभा असतो तर मलाही दिसलं असतं."

"पेटी न्या," भागुबाईंनी निर्णय दिला. "पन कापाड दिनार न्हाई. माज्या कोकरांची सावली हाय ती."

साहेबांनी वर ताणलेल्या कापडाकडे पाहिलं, खाली झोपलेल्या कोकरांकडे पाहिलं. "कुठलं कापड, मावशी? मला तर काही दिसत नाही," ते म्हणाले आणि भागुबाई तोंडाला पदर लावून हसल्या.

पेटीपाशी ड्रायव्हरला बसवून साहेबांनी स्वतः जीप चालवली. मुरंबीच्या दारात मामा आणि विश्वंभर उतरले. मामा आत जायला निघाले, पण विश्वंभर जागचा हलला नाही. तो बाबांच्या बाजूला येऊन उभा राहिला. ओसरीवर आता सगळं घर गोळा झालं होतं. त्याची आई, वहिनी, शेजारपाजारही.

"काका," तो सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाला, "मला मुलगी पसंत आहे. तेव्हाही होती."

बाबांनी एकदा त्याच्याकडे, एकदा मामांकडे पाहिलं.

"मला काय सांगतोस? आज बघायला ती आली होती. तिला विचार."

तो माझ्याकडे वळला. मातीनं माखलेले बूट, अजून दुमडलेल्याच बाह्या. नजर मात्र गुडघ्यांकडे नव्हती. हुद्दारसाहेबांनी जीपचं इंजिन बंद केलं. मला त्याच क्षणी हो म्हणावंसं वाटत होतं. मी पदर नीट केला, बसल्या जागी ताठ झाले आणि शक्य तितक्या गंभीर आवाजात म्हणाले,

"कळवू."

पहिलं हसू फुटलं ते त्याच्या आईला. मग वहिनीला, मग बाबांना. साहेब तर स्टिअरिंगवर डोकं ठेवून हसत होते. मामासुद्धा हसले, जरा उशिरा, पण मनापासून.

जीप सुरू झाली. मी मागं वळून बघायचं नाही असं ठरवलं होतं, आणि गावाबाहेरच्या वळणापर्यंत पाळलंही. कळवलं मी आठवड्यानं. पण ठरलं ते त्या वळणावर. मी वळून पाहिलं, तेव्हा उडालेल्या धुळीत तो रस्त्याच्या मधोमध येऊन उभा होता आणि दोन्ही हात वर करून हलवत होता.